आळेफाट्यावरची पाटी आता फोनमध्ये: छोट्या धंद्याला सोशल मीडियाचा उपयोग नेमका कुठे होतो?

पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन महामार्ग जुन्नर तालुक्यात एकमेकांना छेदतात, ती जागा म्हणजे आळेफाटा. आळे हे मूळ गाव तिथून थोड्या अंतरावर आहे. ज्ञानेश्वरांनी वेद वदवलेल्या रेड्याची समाधी तिथलीच मानली जाते. फाटा वाढला तो रस्त्यामुळे. एसटी थांबते, ट्रक थांबतात, माळशेज घाटातून आलेला माणूस जेवायला उतरतो. इथल्या हॉटेलवाल्याची, रसवंतीवाल्याची, टायरवाल्याची जाहिरात अनेक वर्षं एकच होती: रस्त्यावरून दिसेल अशी मोठी पाटी.

या पाटीची ताकद आता कमी होत चालली आहे. पुणे-नाशिक रस्त्याच्या चौपदरीकरणात राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव अशा गावांना बाह्यवळणं मिळाली. गाडीचा अर्धा तास वाचला, पण गावातल्या बाजारपेठेसमोरून जाणारा प्रवासी बाहेरच्या बाहेर निघून जाऊ लागला. चहा कुठे घ्यायचा, मासवडी कुठे चांगली मिळते, हे तो पाटी बघून ठरवत नाही. चाकणच्या पुढे आल्यावर गाडीतलं कुणीतरी फोन काढून शोधतं. तिथे दुकान दिसलं तर गाडी वळते, नाही दिसलं तर ते दुकान त्या गाडीपुरतं नाहीच.

म्हणून गेल्या काही वर्षांत या पट्ट्यातल्या जवळपास प्रत्येक छोट्या व्यावसायिकाला कुणी ना कुणी सांगितलेलं असतं, ‘इन्स्टावर या.’ बरेचजण आलेही. पण आल्यावर करायचं काय, इथे गाडी अडते.

फ्लेक्सची सवय पडद्यावर

तालुक्याच्या गावातल्या एखाद्या दुकानाचं फेसबुक किंवा इन्स्टाग्राम पान उघडून पाहावं. मकरसंक्रांतीच्या शुभेच्छा, शिवजयंतीच्या शुभेच्छा, महिला दिनाच्या शुभेच्छा, स्थानिक नेत्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा. खाली दुकानाचं नाव आणि मालकाचा फोटो. हा चौकातला फ्लेक्सच आहे, फक्त कापडावरून काचेवर आलेला. चौकातल्या फ्लेक्सचा निदान एक उपयोग होता, येणाऱ्या-जाणाऱ्याला तो बघावाच लागायचा. फोनवर तशी सक्ती नाही. माणूस अंगठा सरकवतो आणि पुढे जातो.

यात दुकानदाराचा दोष कमी आहे. ‘महिन्याला इतक्या पोस्ट’ असं पॅकेज विकणाऱ्यांना सर्वांत सोपं काम कोणतं, तर दिनविशेषाच्या तयार चित्रावर नाव बदलणं. तेच चित्र ओतूरच्या कापड दुकानाला आणि नारायणगावच्या कृषी सेवा केंद्रालाही चालतं. दुकानात नवीन काय आलं, भाव काय आहे, रविवारी उघडं असतं का, यातलं काहीच त्या चित्रात नसतं. पैसे मात्र दर महिन्याला जातात.

दुसरं टोक रीलचं. एखादं रील अचानक चालतं, लाखभर लोक बघतात आणि दुकानदार खूश होतो. पण त्या लाखातले आळेफाट्याला येऊ शकणारे किती? इन्स्टाग्रामचे प्रमुख अॅडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं होतं की एखादी पोस्ट किती पसरवायची हे ठरवताना तीन गोष्टींना सर्वाधिक वजन असतं: लोक ती किती वेळ बघतात, किती जण लाइक करतात आणि किती जण दुसऱ्याला पाठवतात. आपल्याला फॉलो न करणाऱ्या लोकांपर्यंत पोहोचायचं असेल तर त्यातही पाठवणं जास्त महत्त्वाचं. या यादीत ‘बघणारा गिऱ्हाईक होऊ शकतो का’ हा प्रश्न कुठेच नाही. तो प्रश्न दुकानदाराचा आहे, इन्स्टाग्रामचा नाही.

पाठवण्याला वजन आहे, यातून मात्र एक उपयोगी गोष्ट निघते. माणूस दुसऱ्याला काय पाठवतो? शुभेच्छांचं चित्र नाही. ‘अरे, आपण रविवारी जाणार आहोत ना, हे बघ’ असं म्हणून पाठवता येईल असं काहीतरी. मासवडीचं सारण थापताना दिसणारे हात, वेलीवरून उतरवलेला काळ्या जम्बो द्राक्षांचा घड, आज सकाळी माळशेजमध्ये धुकं किती आहे. जुन्नर तालुक्यात अशा गोष्टींची टंचाई नाही. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट हे सगळं याच तालुक्यातलं. राज्य सरकारने २०१८ मध्ये जुन्नरला पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला तो उगाच नाही.

कुणाचं गिऱ्हाईक कुठलं?

सोशल मीडियावरच्या बहुतेक सल्ल्यांची अडचण ही की ते सर्व धंद्यांना एकाच मापाने मोजतात. आळेफाट्याच्या चौकात उभं राहिलं तर किमान चार प्रकारचे धंदे दिसतात आणि चौघांचं गिऱ्हाईक वेगळं आहे.

रस्त्यावरच्या हॉटेलचं गिऱ्हाईक अनोळखी असतं, ते आत्ता भुकेलेलं असतं आणि पुढच्या वीस मिनिटांत निर्णय घेणार असतं. त्याला रील नको, नकाशा हवा. कृषी पर्यटन केंद्राचं गिऱ्हाईक पुण्या-मुंबईत बसून आठवडाभर आधी ठरवतं. त्याला फोटो, व्हिडिओ, दर, खोल्या, मुलांसाठी काय आहे, हे सगळं बघायचं असतं. इथे रीलचा उपयोग खरा. स्टेशनरीच्या, साड्यांच्या किंवा शेतीच्या औषधांच्या दुकानाचं गिऱ्हाईक आळे, राजुरी, बेल्हे, वडगाव आनंद अशा आसपासच्या गावांतलं असतं. ते दुकानदाराला नावाने ओळखतं, त्याचा नंबर त्याच्या फोनमध्ये आहे. त्याच्यासाठी व्हॉट्सॲपचं स्टेटस पुरेसं आहे. आणि चौथा प्रकार घरगुती मसाले, लोणची, पापड, द्राक्षं किंवा आंबे थेट घरपोच विकणाऱ्यांचा. तिथे ओळखीपेक्षा विश्वास आणि पोहोचवण्याची सोय या दोन गोष्टींवर धंदा उभा राहतो.

आपण यातले कोण, हे ठरवलं की निम्मा खर्च आपोआप वाचतो.

नकाशावरची पिन

सर्वांत कमी खर्चाचं आणि सर्वांत दुर्लक्षित काम गूगल मॅप्सवरच्या नोंदीचं आहे. ही नोंद फुकट असते. तरीही असंख्य दुकानांची नोंद कुणीतरी येणाऱ्या-जाणाऱ्याने टाकलेली असते, मालकाने ती कधी ताब्यातच घेतलेली नसते. त्यामुळे फोन नंबर जुना, वेळ चुकीची, आणि पिन चारशे मीटर पुढे दुसऱ्याच्या गेटवर.

आळ्याच्या बाबतीत यात एक जादाची गंमत आहे. गावाचं नाव रोमन लिपीत लिहिलं की इंग्रजीत तो बिअरचा एक प्रकार होतो. आळेफाट्याचंही रोमन स्पेलिंग लोक तीन-चार तऱ्हांनी करतात, कुणी जोडून, कुणी तोडून. शिवाय आळे आणि आळेफाटा वेगळे आहेत हे स्थानिकांना माहीत असतं, मुंबईच्या माणसाला नाही. त्यामुळे पत्त्यात फक्त ‘आळे’ लिहून भागत नाही. कोणत्या महामार्गावर, नाशिकला जाताना डाव्या हाताला की उजव्या, गाडी वळवायला जागा कुठे, बस उभी राहील का, हे वर्णनात लिहिलं पाहिजे. दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर उजव्या हाताचं हॉटेल म्हणजे पुढे जाऊन यू-टर्न घेणं. प्रवासी तेवढं करत नाही. त्याला आधी कळलं तर कदाचित करेल.

फोटोंचंही तसंच. सजवलेल्या ताटाचा एक फोटो सर्वांकडे असतो. कुटुंबासोबत निघालेली बाई शोधत असते ती स्वच्छतागृहाचा आणि पार्किंगचा फोटो. ते दोन फोटो टाकणारं हॉटेल या रस्त्यावर विरळाच.

राहिला रिव्ह्यूचा विषय. पाचशे रुपयांत पन्नास पंचतारांकित अभिप्राय, अशा ऑफर दुकानदारांना फोनवर येतात. हा सौदा महागात पडू शकतो. अभिप्रायाच्या बदल्यात पैसे किंवा सवलत देणं गूगलच्या नियमांत बसत नाही, आणि खोटे अभिप्राय सापडल्यास ते काढले जातात. भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी २०२२ मध्ये वेगळं मानकही आणलं आहे. त्यापेक्षा बिल देताना ‘जेवण आवडलं असेल तर नकाशावर दोन ओळी लिहा’ असं सांगणं आणि काउंटरवर क्यूआर कोड चिकटवणं यात काहीच गैर नाही. वाईट अभिप्राय आला तर भांडू नये. त्याखाली मालकाने शांतपणे दिलेलं उत्तर पुढचा माणूस वाचत असतो, आणि तो मूळ तक्रारीइतकंच त्या उत्तरावरून मत बनवतो.

द्राक्षांच्या पेट्या आणि २५६ नावं

२०२० च्या टाळेबंदीत बाजार समित्या विस्कळीत झाल्या तेव्हा महाराष्ट्रातल्या अनेक शेतकऱ्यांनी शहरांतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर थेट माल विकला. भाजी, कलिंगडं, द्राक्षं, आंबे. मार्केटिंगचं शिक्षण नसलेल्या माणसांनी काही आठवड्यांत गिऱ्हाईक उभं केलं. टाळेबंदी उठल्यावर त्यातले बरेच पुन्हा व्यापाऱ्याकडे वळले. कारण व्हॉट्सॲपमध्ये नव्हतं, टेम्पोत होतं. वीस पेट्यांसाठी पुण्याला फेरी परवडत नाही, आणि एका सोसायटीतून पन्नास पेट्यांची मागणी दर आठवड्याला येईलच असं नाही. जे टिकले त्यांनी एक गोष्ट वेगळी केली होती. त्यांनी गिऱ्हाइकांचे नंबर, सोसायटी आणि मागच्या वेळी काय घेतलं, याची नोंद ठेवली आणि पुढच्या हंगामाच्या आधी त्याच लोकांना विचारलं.

व्हॉट्सॲपचं बिझनेस ॲप २०१८ पासून भारतात आहे आणि छोट्या दुकानासाठी ते अजूनही मोफत आहे. त्यात मालाची यादी लावता येते, ठरावीक उत्तरं साठवता येतात, गिऱ्हाइकांना ‘नवीन’, ‘पैसे बाकी’, ‘पेटी पाठवली’ अशी लेबलं लावता येतात. मोठ्या कंपन्या वापरतात ती व्यवस्था वेगळी. तिथे १ जुलै २०२५ पासून कंपनीने स्वतःहून पाठवलेल्या प्रत्येक ठरावीक साच्यातल्या संदेशामागे आकारणी होते. छोट्या दुकानाला त्या फंदात पडायची गरज नसते, पण ‘दहा हजार लोकांना मेसेज पाठवून देतो’ म्हणणारा विक्रेता भेटला की हा फरक माहीत असावा.

ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात आणि ज्यांनी आपला नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच तो संदेश पोहोचतो. अनेकांना ही अडचण वाटते. खरं तर ही चाळणी आहे. ज्याने नंबर साठवला, त्याला आपल्याकडून काहीतरी हवं आहे. ग्रुपमध्ये न विचारता चारशे लोक घालून रोज सकाळी सुप्रभात पाठवण्यापेक्षा, हंगामात चार संदेश पुरतात: माल कधी तयार होईल, भाव आणि पेटीचं वजन काय, गाडी कोणत्या दिवशी कुठे येईल, आणि शेवटची खेप कधी.

जागा भाड्याची आहे

या सगळ्या धंद्यात एक धोका असा आहे की त्याचा अंदाज पहिला फटका बसेपर्यंत येत नाही. २९ जून २०२० ला केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली. गावागावांतल्या ज्या तरुणांनी तिथे लाखो चाहते जमवले होते, त्यांचं सगळं एका रात्रीत गेलं. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप तिन्ही एकाच वेळी सुमारे सहा तास बंद पडले. ज्यांच्या ऑर्डरी फक्त तिथेच येत होत्या त्यांची दुकानं त्या रात्री बंद होती. गूगलने छोट्या व्यावसायिकांना मोफत वेबसाइट दिल्या होत्या, त्या मार्च २०२४ मध्ये बंद केल्या. व्हिजिटिंग कार्डावर छापलेले ते पत्ते वाया गेले.

आळेफाट्यावरून नगरच्या दिशेने गेलं की नगरच्या पुढे सारोळा कासार लागतं. तिथल्या सुमन धामणे यांच्या ‘आपली आजी’ या यूट्यूब चॅनेलने गावरान स्वयंपाकावर मोठा प्रेक्षकवर्ग मिळवला. ऑक्टोबर २०२० मध्ये तो चॅनेल हॅक झाला. काही दिवसांनी तो परत मिळाला, पण तो मिळाला कारण चॅनेल मोठा होता, बातम्या झाल्या, नातवाने पाठपुरावा केला. हजार-दीड हजार फॉलोअर असलेल्या आळ्याच्या बेकरीचं पान गेलं तर बातमी होत नाही.

पान जाण्याचे प्रकारही ठरलेले आहेत. ‘तुमच्या पानाने कॉपीराइटचा भंग केला आहे, चोवीस तासांत या लिंकवर माहिती भरा’ असा संदेश येतो, घाबरून पासवर्ड टाकला जातो आणि पान दुसऱ्याच्या हाती जातं. दुसरा प्रकार घरातला. पान भाच्याने स्वतःच्या ईमेलवरून उघडलेलं असतं, भाचा नोकरीला बेंगळुरूला जातो आणि जुना नंबर बंद होतो. तिसरा एजन्सीचा. पैशावरून वाद झाला की पासवर्ड मिळत नाही. तिन्हींवर उपाय साधे आहेत. पानाची मालकी मालकाच्या स्वतःच्या खात्याकडे ठेवायची, इतरांना फक्त काम करण्यापुरता प्रवेश द्यायचा, आणि दुहेरी पडताळणी सुरू करायची. आणि गिऱ्हाइकांचे नंबर, त्यांच्या संमतीने, फोनच्या बाहेर एका वहीत उतरवून ठेवायचे. ती वही कुठलीही कंपनी बंद करू शकत नाही.

बूस्टचं बटण

पोस्टखाली ‘बूस्ट’चं बटण येतं आणि पाचशे-हजार रुपयांत हजारो लोकांपर्यंत पोहोचण्याचं आश्वासन देतं. जाहिरात वाईट नाही, पण काय विकत घेतो आहोत ते बघायला हवं. लाइक मिळवण्यासाठी लावलेली जाहिरात लाइक करणारी माणसं शोधते, विकत घेणारी नाही. त्याऐवजी ‘व्हॉट्सॲपवर संदेश’ हे उद्दिष्ट निवडलं तर निदान चौकशी तरी येते. प्रदेश निवडताना ‘महाराष्ट्र’ ठेवलं तर हार्डवेअरच्या दुकानाची जाहिरात गडचिरोलीतही दिसेल. आळेफाट्याभोवती ठरावीक किलोमीटरचं वर्तुळ आखता येतं, कृषी पर्यटनासाठी पिंपरी-चिंचवड, ठाणे, कल्याण निवडता येतं.

समजा हजार रुपयांची जाहिरात लावली. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे खर्च ११८० रुपये. नोंदणीकृत व्यापाऱ्याला तो कर पुढे वजा करून घेता येतो, कंपोझिशन योजनेतल्या किंवा नोंदणी नसलेल्या दुकानाला नाही. आता त्या जाहिरातीतून वीस चौकशा आल्या आणि चार जणांनी प्रत्येकी सहाशेची खरेदी केली, तर विक्री २४०० रुपयांची. त्यात नफा वीस टक्के धरला तर ४८० रुपये. जाहिरात तोट्यात गेली, असं वहीत दिसेल. पण त्या चारांपैकी दोघे वर्षभर येत राहिले तर हिशेब उलटतो. म्हणूनच प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ हा एक प्रश्न विचारून उत्तर लिहून ठेवण्याइतकं उपयोगी मोजमाप दुसरं नाही. फोनवरचे आकडे कंपनी दाखवते, हा आकडा दुकानाचा स्वतःचा असतो. महिनाभर लिहिलं तर बऱ्याचदा आश्चर्य वाटेल असं काहीतरी निघतं, जसं की इन्स्टाग्रामपेक्षा जास्त माणसं पेट्रोल पंपावरच्या पोऱ्याने सांगितलं म्हणून आली.

फूड ब्लॉगर आणि कायदा

हॉटेलांकडे आता इन्फ्लुएन्सर येतात. जेवण फुकट, वर काही रक्कम, बदल्यात एक रील. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पैसे, फुकट जेवण किंवा भेटवस्तू घेऊन केलेली शिफारस ही जाहिरात आहे हे व्हिडिओत स्पष्टपणे, सहज दिसेल असं सांगावं लागतं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. हा दंड फक्त रील करणाऱ्याला नाही, उत्पादक आणि विक्रेत्यालाही लागू होऊ शकतो. ‘मधुमेह बरा करणारं’ म्हणून एखादं पीठ किंवा रस विकणाऱ्यांनी याचा विचार करावा. घरगुती मसाला किंवा लोणचं इन्स्टाग्रामवर विकायचं तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते. धंदा घरातून चालतो म्हणून त्यातून सुटका नाही.

पावसाळ्यातली रीलं

जुन्नरच्या बाबतीत गर्दीचा मुद्दा वेगळाच आहे. पावसाळ्यात माळशेज आणि नाणेघाटाची रीलं आपोआप पसरतात, त्यासाठी कुणाला पैसे खर्चावे लागत नाहीत. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या परिसरात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर पुणे जिल्हा प्रशासनाने पावसाळी पर्यटनस्थळांवर निर्बंध लावले. अशा वेळी ज्या हॉटेलच्या किंवा कृषी पर्यटन केंद्राच्या पानावर ‘चला धबधब्यात भिजायला’ असं महिन्यापूर्वीचं रील वर दिसत असतं, त्यांच्याकडे आरक्षण केलेली माणसं येऊन परत जातात आणि पैसे परत मागतात.

याउलट घाटात दरड पडली आहे का, वाहतूक सुरू आहे का, पोलिसांनी कुठे अडवलं आहे, आज कुठे जाता येईल, हे सकाळी सात वाजता तीस सेकंदांत सांगणारं पान पर्यटकाला उपयोगी पडतं. अशी पोस्ट लोक एकमेकांना पाठवतात, आणि पाठवण्याला किती वजन आहे ते वर आलंच. त्यासाठी कॅमेरा, एडिटिंग, संगीत काही लागत नाही. दारात उभं राहून आभाळाकडे आणि रस्त्याकडे फोन फिरवला की झालं. जूनच्या पहिल्या पावसाआधी नकाशावरच्या वेळा आणि नंबर दुरुस्त करून ठेवले असतील, तर ती पोस्ट बघून निघालेली गाडी दारापर्यंत पोहोचते.